राजवाड्यातले कुत्रे, स्मशानातले कुत्रे

कुत्र्याने माणूस मारला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत देशात दोन पक्ष तयार होतात. एक म्हणतो, त्या कुत्र्याला ताबडतोब मारून टाका. दुसरा म्हणतो, मुक्या जनावराचा काय दोष? टीव्हीवर दोन्हीकडची माणसे समोरासमोर बसतात, एकमेकांवर ओरडतात आणि आठवडाभरात विषय मिटतो. मी हे वाद बरीच वर्षे ऐकतो आहे. मारायचे की नाही, यावर सगळे बोलतात. कोणता कुत्रा, आणि तो चावला कोणाला, हे मात्र कोणी विचारत नाही.

जुलै २०२२ मध्ये लखनौच्या कैसरबाग भागात घरात पाळलेल्या पिटबुलने घरातल्याच एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. महापालिकेने कुत्रा ताब्यात घेतला. पुढचे दोन आठवडे त्याला दयामरण द्यावे की नाही, यावर देशभर चर्चा झाली. तो काय खातो, कसा वागतो, उदास आहे का, याच्या बातम्या आल्या. त्याचे लाडाचे नाव लोकांना पाठ झाले. त्याला दत्तक घ्यायला संस्था आणि माणसे पुढे आली. शेवटी हमीपत्र लिहून घेऊन तो मालकाच्या ताब्यात परत दिला गेला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेठ भागात भटक्या कुत्र्यांनी चार वर्षांच्या मुलाला फाडून मारले. बाप तिथेच वॉचमनच्या नोकरीवर होता आणि मुलाला सोबत घेऊन आला होता. सीसीटीव्हीतले ते दृश्य देशाने मोबाइलवर पाहिले. त्या कुत्र्यांना नावे नव्हती. त्यांच्यापैकी नेमका कोणी चावा घेतला, त्याचे निरीक्षण कोणी करावे, असले प्रश्न निघालेच नाहीत. महापालिकेच्या गाड्या निघाल्या आणि दिसतील ती कुत्री उचलायला लागल्या. वॉचमनच्या पोराला कामाच्या जागी का आणावे लागते, हे विचारायला तर कोणाला सवडच नव्हती.

आता तिसरी गोष्ट, पुन्हा उत्तर प्रदेशातलीच. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने आदेश काढला. रस्त्यावरच्या कुत्र्याने कारण नसताना एकदा चावा घेतला तर दहा दिवस केंद्रात ठेवायचे आणि दुसऱ्यांदा घेतला तर कायमचे कोंडायचे. वर्तमानपत्रांनी त्याला सरळ ‘जन्मठेप’ म्हटले. चावा कोणी खोडी काढल्यामुळे घेतला की उगाच, हे ठरवायला तीन जणांची समिती. सुटका एकाच वाटेने, कोणीतरी दत्तक घेऊन त्याला पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही असे प्रतिज्ञापत्र द्यायचे. म्हणजे जामीनदार मिळाला तर बाहेर, नाही तर मरेपर्यंत आत. आपल्या तुरुंगांत जामिनाचे पैसे आणि जामीनदार नाहीत म्हणून खितपत पडलेले कच्चे कैदी कोणत्या समाजांतले आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही पद्धत ओळखीची वाटेल.

एकाच राज्यात तीन वर्षांच्या अंतराने हे घडले. माणूस मारलेला घरंदाज कुत्रा हमीपत्रावर घरी जातो आणि दोनदा चावलेला रस्त्यावरचा कुत्रा जन्मठेपेला.

मराठीत आपण ‘जातिवंत कुत्रा’ म्हणतो आणि ‘गावठी कुत्रा’ म्हणतो. शब्द बोलून जातो. कुत्र्यांचेही कूळ, रक्त, शुद्धता पाहणारा आपला समाज त्यांच्या गुन्ह्याचा निवाडा कुळाशिवाय कसा करील? कधी ते उलटही होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने परिपत्रक काढून पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जाती एकदम धोकादायक ठरवल्या. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांचे म्हणणे ऐकलेच नाही म्हणून, ते रद्द केले. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा धंदा या देशात नवा नाही. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवले आणि तो डाग कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडले. मी माणसांची कुत्र्यांशी तुलना करत नाही. ती तुलना आमच्या वाट्याला भरपूर येऊन गेली आहे. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आमच्या आज्या-पणज्यांना मज्जाव होता, म्हणून तर २० मार्च १९२७ चा दिवस उगवला. मी बोलतो आहे ते न्याय करणाऱ्याच्या सवयीबद्दल. ती सवय माणूस आणि कुत्रा पाहून बदलत नाही.

पाली साहित्यात कुक्कुर जातक नावाची एक कथा आहे. विहारांत लहान मुलांना जातककथा सांगतात, त्यांत ही मी क्वचितच ऐकली. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला, पाऊस पडला आणि रथाचे चामडे भिजले. राजवाड्यात पाळलेल्या उंची कुत्र्यांनी ते रात्रीतून खाऊन टाकले. सेवकांनी राजाला सांगितले की गटाराच्या तोंडातून बाहेरची कुत्री आली आणि त्यांनी चामडे खाल्ले. राजाने हुकूम सोडला, दिसेल तो कुत्रा मारा. फक्त राजवाड्यातल्या कुत्र्यांना सूट. त्या जन्मी बोधिसत्त्व स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा पुढारी होता. तो थेट दरबारात गेला आणि त्याने राजाला विचारले की चोर कोण हे ठाऊक नसताना सगळ्यांना मारायचे आणि घरच्यांना सोडायचे, हा न्याय की दुबळ्यांची कत्तल? मग त्याने ताक आणि गवत मागवले आणि ते राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले. त्यांनी चामड्याचे तुकडे ओकून टाकले.

या कथेत बोधिसत्त्व दयेची भीक मागत नाही. कुत्री बिचारी आहेत, त्यांना सोडा, असे तो म्हणत नाही. तो पुरावा मागतो आणि सर्वांना एकच माप लावा म्हणतो. आजच्या वादात मला नेमकी हीच बाजू दिसत नाही. प्राणिप्रेमी दया मागतात, त्यांचे विरोधक बदला मागतात.

‘दयामरण’ हा शब्दही जरा तपासून पाहू. ज्याच्या वेदना थांबवता येत नाहीत, त्याला शांतपणे मरण देणे ही दया. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी नेमके तेवढेच आहे. बरा न होणारा आजार किंवा प्राणघातक जखम असेल, तपासणाऱ्या पथकाने तसे सांगितले असेल, तर पशुवैद्याने इंजेक्शन द्यायचे. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याला वेगळे ठेवायचे आणि तो आपोआप मरेपर्यंत थांबायचे, असे नियम सांगतात. चावला म्हणून मारा, असे त्यात नाही. मग धडधाकट कुत्र्याला त्याने हल्ला केला म्हणून मारायचे असेल, तर त्याला दयामरण म्हणू नका. लोकांच्या सुरक्षेसाठी केलेली हत्या म्हणा. शब्द सरळ वापरला की जबाबदारीही सरळ घ्यावी लागते.

आणि ती हत्या कधीच करू नये, असे माझे मत नाही. इथे माझे काही बौद्ध मित्र पंचशीलातले पहिले शील पुढे करतात आणि विषय संपवतात. बाबासाहेबांनी विषय असा संपवलेला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये अहिंसेची चर्चा करताना ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही, आणि तत्त्वात माणसाला विवेक वापरायला जागा असते, अशी त्यांची मांडणी आहे. हा फरक या वादाला लावून बघा. जमाव काठ्या घेऊन गल्लीतली पाचही कुत्री ठेचतो, तेव्हा ती इच्छा असते. कुत्र्याला अपराधाचे भान नसते, त्यामुळे त्याला शिक्षा देणे या कल्पनेलाच अर्थ नाही. त्याला मारून मेलेल्याला न्याय मिळत नाही. पण एखाद्या कुत्र्याने कोणी न डिवचता माणूस मारला आहे, तो पुन्हा मारील असे पशुवैद्य लेखी सांगतो आहे, आणि जन्मभर सुरक्षित ठेवायला जागा नाही, अशा वेळी त्याला वेदना न देता मारणे ही गरज असू शकते. तो निर्णय उघडपणे, कागदावर, सही करून व्हावा. पिटबुल असो की गल्लीतला लाल्या, कसोटी एकच असावी. आणि जागा नाही हे कारण सरकारने सांगितले, तर जागा का नाही हेही त्याच कागदावर लिहावे.

हे करताना आणखी एक धोका असतो. कुत्रा मेला की फाइल बंद होते. मालक सुटतो, महापालिका सुटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली, जनावराबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत तर दंड हजारच होता. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये पाळीव हस्की चावला, त्या खटल्यात मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली ती २०२५ मध्ये. वरळीच्या इमारतीत राहणाऱ्या फिर्यादीला सात वर्षे लागली. बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिथला कुत्रा चावला तर ती फिर्याद देईल की काम टिकवील?

चावे कोणाच्या वाट्याला येतात, हे पहाटे पाच वाजता रस्त्यावर उतरले की दिसते. झाडूवाल्या बाया, कचरावेचक, दूधवाले, पेपर टाकणारी पोरे, रात्रपाळीहून परतणारे कामगार, आणि उघड्यावर खेळण्याशिवाय दुसरी जागा नसलेली मुले. जिथे कचरा साठतो तिथे कुत्री वाढतात, आणि शहराचा कचरा कोणाच्या दाराशी साठवायचा हे शहराने फार पूर्वी ठरवून टाकले आहे. आमच्या भागात ठेकेदाराकडे झाडू मारणाऱ्या एका मावशींच्या पोटरीचा कुत्र्याने लचका तोडला. सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण खोल जखमेत जे सीरम टोचावे लागते ते नव्हते. मोठ्या रुग्णालयात जा म्हणाले. त्या दिवशीचा खाडा लागला, दुसऱ्या दिवशीचाही. पुढच्या तीन सुयांना त्या कामाच्या वेळा चुकवून जात होत्या, कारण तीन खाडे झाले तर ठेकेदार दुसरी बाई ठेवतो.

रेबीज सुरू झाला की माणूस जवळपास वाचत नाही, पण वेळेवर उपचार झाले तर तो होतच नाही. पहिला उपचार काय? वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे. आरोग्य खात्याच्या भिंतीवर हे रंगवलेले असते. ज्या वस्तीत नळ दिवसातून एकदा, तोही अर्धा तास येतो, तिथे पंधरा मिनिटे वाहते पाणी कुठून आणायचे? शंभर वर्षे होत आली महाडला, आणि जीव वाचवायचा प्रश्न पुन्हा पाण्यापाशीच येऊन थांबतो.

मृत्यूंच्या मोजणीचेही तेच. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाखांवर माणसांना कुत्री चावली. सर्वाधिक महाराष्ट्रात, ४ लाख ८५ हजारांच्या आसपास. रेबीजचे संशयित मृत्यू मात्र ५४. दुसरीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या घरोघर केलेल्या पाहणीतून निघालेला अंदाज आहे वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा. त्याच पाहणीत कुत्रा चावलेल्यांपैकी जवळपास पाचव्या हिश्शाला लसच मिळालेली नव्हती. ५४ आणि ५,७०० यांच्या मध्ये जी माणसे आहेत, त्यांच्या मरणाची कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही. त्यांच्यासाठी कुठली मेणबत्ती लागणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये मेणबत्त्या लागल्या होत्या. दिल्लीत सहा वर्षांच्या मुलीचा रेबीजने मृत्यू झाल्याच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले. ११ ऑगस्टला दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवा असा आदेश दिला. त्यावर मोर्चे निघाले, आणि ११ दिवसांत, २२ ऑगस्टला, मोठ्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस देऊन कुत्री मूळ जागी सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, असे ठरले. नंतर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके इथली कुत्री हलवून परत न सोडण्याचा आदेश आला. मूळ आदेश मलाही अव्यवहार्यच वाटला होता, निवारे नसताना कुत्री न्यायची कुठे? पण ११ दिवसांत आदेश बदलून घेण्याची ताकद या देशात कोणाकडे असते, हे मी पाहत होतो. गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या बायका नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. त्यांना ११ दिवस सोडा, ११ वर्षे पुरत नाहीत.

यावरून आपले काही कार्यकर्ते म्हणतात की कुत्र्यांचा कळवळा हे सवर्ण उच्चभ्रूंचे चोचले आहेत, सगळी मारून टाका. मला हे अजिबात मान्य नाही. वस्तीत जाऊन बघा, उरलेली भाकरी कुत्र्याला टाकणारी माणसे कोण आहेत. पुलाखाली झोपणाऱ्याची राखण कोण करतो? सोसायटीच्या फाटकाबाहेर प्लेट ठेवून फोटो काढणारे प्राणिप्रेम वेगळे आणि हे वेगळे. शिवाय सगळी मारून टाका हा प्रयोग मुंबईने फार पूर्वी करून पाहिला आहे. १८३२ साली कंपनी सरकारने कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस ठेवले. बक्षिसापायी शिपाई लोकांच्या घरची कुत्रीही ओढून नेऊ लागले, आणि जूनमध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरून दंगल झाली. मुंबईतली कुत्री त्याने संपली नाहीत.

आणि मारायचे म्हणता, तर मारणार कोण? आमच्या वस्तीतला एक जण ठेकेदारामार्फत कुत्री पकडण्याच्या गाडीवर होता. असल्या कामाला कोणत्या वस्तीतली माणसे लागतात, हे सांगायची गरज नाही. रेबीजचा धोका असलेल्या कामगारांना आगाऊ लस द्यावी अशी शिफारस आहे. याला ती कधी मिळाली नव्हती. दोनदा चावे घेऊन झाले होते. मी त्याला विचारले, अपघातात चिरडलेल्या कुत्र्याला शेवटचे इंजेक्शन देतात तेव्हा तू काय करतोस? तो म्हणाला, “दादा, सुई डॉक्टर मारतो. मुंडकं मी धरतो. ते शेवटपर्यंत माझ्याकडंच बघत असतं.” मग म्हणाला, बंगल्यातल्या कुत्र्याची तक्रार आली तर आम्ही फाटकापर्यंत जातो, साहेबांचा फोन येतो, परत फिरतो. टीव्हीवर मारा आणि वाचवा म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी एकानेही आजवर हे मुंडके धरलेले नाही.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक वेगळी दिशा दाखवली. कुत्रा चावल्यास दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये आणि मांस निघाले असेल तर दर ०.२ सेंटिमीटरला किमान वीस हजार रुपये भरपाई, आणि तिची प्राथमिक जबाबदारी राज्यावर. सेंटिमीटरने मांस मोजणे कानाला विचित्र लागते. पण त्यात चावलेला माणूस मध्यभागी येतो, कुत्रा बाजूला होतो. महाराष्ट्रात असा हिशोब लागला, तर लस, सीरम, नसबंदी आणि कचरा यांच्यावरचा खर्च महापालिकांना एकदम परवडायला लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मावशींच्या प्रकारानंतर मी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागितल्या. मागच्या वर्षी आमच्या प्रभागात किती माणसांना कुत्रे चावले, प्रत्येक दवाखान्यात सीरमचा साठा किती होता, आणि पाळीव कुत्र्यांच्या किती मालकांवर कारवाई झाली. पहिल्याचे उत्तर आकड्यात आले. दुसऱ्यापुढे ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे होते. तिसऱ्यापुढे एकच शब्द, ‘निरंक’. पहिले अपील दाखल केले आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.